‘ओषधी’ आणि ‘औषध’ : मराठी औषधविषयक लेखनातील एक अर्थदोष

परळीच्या शिवलिंगाचे संस्कृत नाव ‘वैद्यनाथ’. लोकांच्या तोंडी ते ‘वैजनाथ’ झाले आहे. संस्कृत ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ आणि मराठीत ‘ज’ होतो, हे ‘अद्य’–‘आज’, ‘विद्युत्’–‘वीज’ या जोड्यांवरून अभ्यासकांस परिचित आहेच. या परिवर्तनात ‘वैद्यांचा नाथ’ हा अर्थ झाकला गेला, पण त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. परंतु त्याच बीड जिल्ह्यात औषधासंबंधीच्या दुसऱ्या काही शब्दांचे अर्थ असे सरकले आहेत की, त्यांचा परिणाम माणसाच्या जिवापर्यंत पोचू शकतो. नव्या औषधांच्या शोधाविषयी मराठीत जे लेखन होते, त्याची परीक्षा या दृष्टीने करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ शब्द पाहू. ‘ओषधी’ म्हणजे वनस्पती. ‘औषध’ हा त्यापासून साधलेला तद्धित शब्द. पाणिनीने हा प्रत्यय सांगताना जातिवाचक अर्थ स्पष्टपणे वगळला आहे. म्हणजे झाडाची जात ती ओषधी, आणि तिच्यापासून सिद्ध केलेले द्रव्य ते औषध. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. योग्य भाग निवडणे, तो संस्कारित करणे, मात्रा ठरविणे या क्रियांवाचून ओषधीचे औषध होत नाही, असा विचार त्यात अनुस्यूत आहे. मराठीत मात्र ‘औषधी वनस्पती’ हा प्रयोग रूढ झाला आणि दोन्ही संकल्पना एकमेकींत मिसळल्या. झाड हेच औषध, अशी समजूत त्यातून सहज उत्पन्न होते.

या समजुतीचा दोष सीताफळाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बालाघाटच्या डोंगरांत वाढणाऱ्या बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गर आपण आवडीने खातो. बियांची पूड उवांवर लावण्याचा घरगुती उपचारही जुना आहे. ती पूड डोळ्यांत जाऊन बुबुळावरील पारदर्शक पटलास इजा झाल्याची उदाहरणे भारतीय नेत्रवैद्यकात नोंदलेली आहेत. या बियांत ॲसिटोजेनिन वर्गातील संयुगे असतात. पेशींतील तंतुकणिकांच्या श्वसनक्रियेत ती अडथळा आणतात. म्हणूनच ती कीटकांस मारक ठरतात, आणि म्हणूनच कर्करोगाच्या पेशींवरही त्यांची परीक्षा झाली. परंतु ज्या गुणामुळे ती उपयुक्त वाटतात, त्याच गुणामुळे ती चेतापेशींसही घातक ठरण्याचा संभव असतो. प्रयोगशाळांत त्यांची अधिक साध्या रचनेची प्रतिरूपे तयार करण्यात आली, ती अपाय टाळून उपयोग राखता यावा याच अपेक्षेने. या वर्गातील एकही संयुग अद्याप मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. असे असता ‘नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ हे वाक्य आपल्या लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. यातील ‘म्हणून’ हे अव्यय ज्या आधारवाक्यावर उभे आहे, ते कोणी उच्चारीत नाही. उच्चारले तर ते टिकणार नाही.

याउलट ‘कृत्रिम’ शब्दाची गत झाली आहे. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘कृतीने सिद्ध झालेले’ एवढाच आहे. परंतु ‘कृत्रिम हास्य’, ‘कृत्रिम टंचाई’ अशा प्रयोगांनी त्यास खोटेपणाची छटा चिकटली. परिभाषाकारांनी ‘संश्लेषण’ हा निर्दोष शब्द दिला असता ‘कृत्रिम औषध’ असे लिहिणारा लेखक नकळत निवाडाच देऊन बसतो.

हा निवाडा किती पोकळ आहे ते सर्पगंधेच्या इतिहासावरून दिसते. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या परिणामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्या मुळांतून रेसर्पीन वेगळे करण्यात आले, आणि १९५६ साली अमेरिकेत वुडवर्ड यांनी त्याचे संश्लेषण जाहीर केले. मुळातून काढलेले रेसर्पीन आणि संश्लेषित रेसर्पीन यांची रेणुरचना एकच. रक्तदाब उतरविण्याचा गुण दोहोंत सारखा, आणि काही रुग्णांत विषण्णता उत्पन्न करण्याचा दोषही दोहोंत सारखाच. भेद आहे तो उगमाचा, गुणदोषांचा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो : शब्द सैल असले तरी संदर्भाने अर्थ कळतोच. बहुधा कळतो, हे मान्य करावयास हवे. तथापि बीडच्या कापूसपट्ट्यात ‘औषध मारणे’ म्हणजे कीटकनाशक फवारणे, आणि ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा अर्थ प्रसंगी विषप्राशन असा होतो. अत्यवस्थ रुग्णाच्या नातलगास डॉक्टरने ‘यांनी कोणते औषध घेतले?’ असे विचारले, तर एकच शब्द दोघांच्या मनात परस्परविरुद्ध अर्थाने उभा राहू शकतो. तेथे संदर्भ समजून घेण्यास अवधी नसतो. लोकभाषेस आपण नियम घालू शकत नाही, घालूही नयेत. परंतु शास्त्रीय लेखनाने तरी हा गोंधळ वाढवू नये.

यास्तव तीन शब्द तीन अर्थांसाठी राखून ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते : वनस्पतीस ‘ओषधी’, तिच्यातून मिळणाऱ्या अथवा प्रयोगशाळेत घडविलेल्या पदार्थास ‘संयुग’, आणि परीक्षेअंती मात्रा व अपाय निश्चित झालेल्या सिद्ध द्रव्यास ‘औषध’. संयुगाचा उगम सांगणे आवश्यक असेल तेथे ‘वनस्पतिज’ किंवा ‘संश्लेषित’ असे विशेषण लावावे. त्याने गुणावगुणाचा निर्णय होत नाही. यात नवे काहीच नाही. औषध हे उगवत नाही, ते करावे लागते, हे आपल्या व्याकरणाने पूर्वीच सांगून ठेवले आहे.