अडकित्त्याचे पाणी

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी अडकित्त्यांपुढे बराच वेळ रेंगाळलो. सुपारी कातरण्याच्या या साध्या हत्याराला कारागिरांनी पशुपक्ष्यांची आणि माणसांची रूपे दिली आहेत. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरोघरच्या दुर्लक्षित वस्तूंना त्यांनी कलावस्तूंचा मान मिळवून दिला, अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

हे ऋण मान्य करूनच एक तक्रार मांडावयाची आहे. ती संग्रहाविषयी नाही, पाहणाऱ्यांच्या नजरेविषयी आहे. शेजारचे रसिक आकृतींविषयी भरभरून बोलत होते. पात्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. अडकित्ता म्हणजे मूर्ती नव्हे. दोन दांड्या, टोकाशी खीळ, वरच्या दांडीला पाते. खिळीजवळ सुपारी धरून मूठ आवळली की हाताचा जोर तिच्यावर कितीतरी पटींनी पडतो. पितळ मऊ असते, म्हणून दांड्या पितळेच्या असल्या तरी पाते पोलादाचे लागते. ते घट्ट बसले आहे का, खीळ खुळखुळते का, मिटताना पाते सारखे टेकते की एका अंगाला झुकते, हे पाहिल्यावाचून किंमत करू नये. झीजही वाचता आली पाहिजे. वापराची झीज तळवा आणि बोटे टेकतात तेथे दिसते. सर्वांगी सारखी झिजलेली वस्तू संशयास्पद समजावी. युरोपात खलाशांचे चाकू जमविणारे जाणकारही मुठीआधी पात्याची झीज आणि दोरखंडाच्या गाठी सोडविणाऱ्या सुळ्याचे टोक तपासतात.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. पण पात्याची पारख आहे. ती शिकविली घिसाड्यांनी. गावाबाहेर भाता आणि ऐरण मांडून ते विळ्याला पाणी देत. पाते फार कडक झाले तर तडकते, मऊ राहिले तर वळते. या दोहोंमधली जागा तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखावयाची. अशाच एका घिसाड्याने वडिलांना करून दिलेला लोखंडी अडकित्ता माझ्याजवळ आहे. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो न उघडताच परत केला. म्हणाला, "गुरुजी, यावर नक्षी नाही!"

मी नक्षीचा वैरी नाही. उत्तम अडकित्त्यात नक्षीचे आणि पात्याचे भांडण नसते. पोपटाची पाठ तळव्यात मावेल अशीच वळते. परंतु पाते बोथट असेल तर तो पोपट केवळ शोभेचा. आमच्या ग्रंथपरीक्षणांतही हीच खोड आहे. भाषेच्या वेलबुट्टीवर पाने खर्ची पडतात. कादंबरी कोठे कापते, हे विचारावयाचे राहून जाते.

कोणी म्हणेल, आता पात्याचे काय काम? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीच कर्ककारक ठरविली. अडकित्त्याचे काम संपावे हे बरेच. पण काम संपले की वस्तूची बाजू घेणारा हात उरत नाही, फक्त डोळे उरतात. ते आकृतीवरच थांबले तर घिसाड्याचे कसब भंगाराच्या भावाने जाईल. म्हणून प्रत्येक संग्राहकाने नक्षीदारांच्या ओळीत एक साधा लोखंडी अडकित्ता ठेवावा, आणि तो उघडा ठेवावा. म्हणजे पाते दिसेल.