भविष्यावर मालकी कुणाची?

दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेली कादंबरी म्हणजे बाजारू माल, असे मीही मानत होतो. स्टीव्हन बार्न्स या कृष्णवर्णीय लेखकाची ‘फार बियॉन्ड द स्टार्स’ (१९९८) वाचली आणि तो ग्रह सुटला. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या एका भागावरची ही कादंबरी. १९५३ च्या न्यूयॉर्कमधला बेनी रसेल अंतराळस्थानकाच्या काळ्या प्रमुखाची कथा लिहितो. हे सारे स्वप्न होते असे दाखव, म्हणजे छापू, असे ठरते. बेनी तेही पत्करतो. तरी मालक छापलेला अंकच लगद्यात घालतो. बार्न्स बेनीचे किशोरवयही उभे करतो. पडद्यावर ते नव्हते.

मर्यादा उघड आहे. पात्रे कंपनीची, बार्न्स दुसऱ्याच्या शेतातले कूळ. शेवट बदलणे त्याच्या हाती नाही.

मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. ५ जानेवारी १९७४ रोजी पँथरच्या सभेपासून उसळलेली दंगल इथलीच. आमच्याकडे त्या जखमांचे लेखन मागितले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण उद्याचे यान कोण चालवणार, हेही आपणच लिहायला हवे. भूतकाळ आमच्या वाट्याला आणि भविष्यकाळ त्यांच्या, ही वाटणी म्हणजे वर्णव्यवस्थाच होय.