चाळीस तासांचा वर्तनोपचार आणि कुटुंबाचा दिवस : एक चिकित्सा

स्वमग्न बालकांवरील वर्तनोपचाराची चर्चा इवार लोवास यांच्या १९८७ च्या शोधनिबंधाला वगळून करता येत नाही. चार वर्षांखालील १९ मुलांना आठवड्याला ४० तासांहून अधिक, असा दोन वा अधिक वर्षे उपचार मिळाला आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत रुळली, हा त्यातील निष्कर्ष होय. मुलांची विभागणी यादृच्छिक नव्हती आणि उपचारात मांडीवर चापटी मारणेही होते, हे आक्षेप पुष्कळदा घेतले गेले. चापटी मागे पडली. चाळीस तास मात्र आदर्श म्हणून टिकले.

हे तास कोणाचे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहिला. लोवास यांच्याकडे प्रशिक्षित विद्यार्थी होते. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागोपाठ येते. तेथे हे तास आईच्या मजुरीतूनच वजा होतात. सुधारणा दिसली नाही, तर तिचेच तास अपुरे ठरतात. अशा कुटुंबाने पिंपळगाव सराईजवळचे सैलानी गाठले, की त्याला अंधश्रद्ध म्हणणे सोपे असते. परंतु १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी या अवस्थेचा दोष आईच्या कोरडेपणावर ठेवला, तो शास्त्राच्याच नावाने.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला गोवा व रावळपिंडी येथील प्रयोग या दृष्टीने अधिक वास्तववादी वाटतो. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ६५ मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना १२ सत्रांत मार्गदर्शन केले. पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण दोघांनी मिळून पाहिले. मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. मात्र परस्पर लक्ष एकवटण्याचा काळ घटला, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. तरीही मोजमाप झाले ते पालकासोबतच्या खेळाचे.

एकत्र कुटुंबातील दिवस खेळाने भरलेला नसतो. मुलाने बोट दाखवावे आणि मगच भाकरी मिळावी, असे उपचारक आईला सांगतो. आजी मात्र नातवाने मागण्याआधीच ताट वाढते. तिच्या लेखी ते वात्सल्य असते, उपचाराच्या लेखी गमावलेली संधी. या विसंगतीचा ताण सासू-सुनेच्या संबंधावर पडतो आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. वस्तुतः भाकरी हातात धरून क्षणभर थांबणे आजीलाही सहज जमणारे आहे. तिला ते समजावून सांगण्यासाठी सत्रात आईसोबत तिलाही बसवावे लागेल, आणि तेही वऱ्हाडीत.