श्रोणितल-व्यायामांच्या पद्धती : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :

शिंकताना, खोकताना किंवा पाण्याची कळशी उचलताना लघवी गळणे आणि 'अंग बाहेर येणे' ही दुखणी मराठी समाजातील स्त्रियांना अपरिचित नाहीत; अपरिचित आहे ती त्यांची उघड वाच्यता. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. मात्र पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास श्रोणितलाच्या तक्रारींपुरता मर्यादित नव्हता. तथापि ज्या मौनात या तक्रारीही दबून राहतात, त्याची व्याप्ती त्यातून स्पष्ट होते.

या मौनाच्या जागी आरोग्यविषयक लेखनातून 'केगेल करा' किंवा 'मूलबंध लावा' असा सुटसुटीत सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. व्यायामाची परिणामकारकता त्याच्या नावावर नव्हे, तर योग्य स्नायू आकुंचित होतो की नाही याच्या खात्रीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या निकषावर तीन प्रमुख पद्धतींचा परामर्श घेण्यात आला आहे.

केगेल यांची पद्धत आणि तिचे लोकप्रिय रूप :

श्रोणितल म्हणजे जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा थर होय. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तो खालून आधार देतो. या स्नायूंना क्रमशः बळकटी देण्याचा विचार अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये शास्त्रीय स्वरूपात मांडला. त्यांच्या मांडणीत केवळ व्यायाम नव्हता. रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी आणि आकुंचनाचा दाब दाखविणारे 'पेरिनिओमीटर' हे उपकरण, ही तिची अविभाज्य अंगे होती. पुढे केगेल यांचे नाव घरोघरी पोहोचले. तपासणी मात्र मागे राहिली.

या वियोगाची किंमत १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या बंप व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसून येते. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन त्यांचे आकुंचन तपासले असता, सुमारे निम्म्याच स्त्रियांचा प्रयत्न योग्य आढळला. सुमारे २५ टक्के स्त्रिया तर लघवी गळण्यास साहाय्यभूत ठरेल अशा रीतीने जोर करीत होत्या. म्हणजेच स्नायू वर ओढण्याऐवजी त्या खाली कुंथत होत्या. केवळ छापील सूचना वाचून व्यायाम करणाऱ्या स्त्रीबाबतही हाच धोका संभवतो, आणि तो तिला स्वतःला कळण्याचा मार्ग नसतो.

याउलट, शिकवून घेतलेल्या व्यायामाचे फलित भरीव आहे. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात १४ देशांतील १,८१७ स्त्रियांचा समावेश असलेल्या ३१ चाचण्या विचारात घेण्यात आल्या. खोकताना वा वजन उचलताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात सुमारे ५६ टक्के, तर व्यायाम न करणाऱ्या गटात सुमारे ६ टक्के स्त्रियांनी बरे वाटल्याचे नोंदविले.

मूलबंध व योगाधारित पद्धती :

स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'च्या तिसऱ्या उपदेशात मूलबंधाचे वर्णन आहे. टाचेने शिवणीचा भाग दाबून गुदाचे आकुंचन करावे व अपान वर खेचावा, ही त्यातील क्रिया श्रोणितलाच्या आकुंचनाशी मिळतीजुळती आहे. परंतु ग्रंथाचा हेतू प्राण व अपान यांचे ऐक्य हा आहे. प्रसूतीने सैल झालेल्या स्नायूंचे पुनर्वसन हा नव्हे. त्यामुळे 'हे आपल्याकडे पूर्वीपासूनच होते' एवढ्या विधानाने परिणामकारकता सिद्ध होत नाही.

या संदर्भात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी उद्बोधक आहे. तीत २४० स्त्रियांच्या एका गटाला श्रोणितलकेंद्री योगासने आणि दुसऱ्या गटाला सर्वसाधारण व्यायाम १२ आठवडे देण्यात आले. दोन्ही गटांत लघवी गळण्याचे प्रमाण घटले. मात्र योगाचे वेगळे श्रेष्ठत्व दिसले नाही. योग निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या नावे विशेष दावा करण्यास आधार मिळाला नाही, एवढाच आहे.

हायपोप्रेसिव्ह पद्धत :

बेल्जियममधील मार्सेल कोफ्रिये यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत श्वास सोडून, रोखून, बरगड्या फुलवून पोट आत ओढले जाते. उड्डियान बंधाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. पोटातील दाब घटल्याने श्रोणितल आपोआप आकुंचित होते, हे तिचे गृहीतक आहे. परंतु २०२० मधील एका तुलनात्मक चाचणीत श्रोणितलाचे नेमके आकुंचन शिकविलेला गटच सरस ठरला. जो स्नायू बळकट करावयाचा आहे, त्यालाच जाणीवपूर्वक काम द्यावे लागते, हाच यातील बोध.

मार्गदर्शनाचा प्रश्न :

ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आकुंचनाची आधी तपासणी, किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम आणि दिवसातून तीन वेळा किमान आठ आकुंचने अशी शिफारस आहे. यावर, ग्रामीण महाराष्ट्रात इतके मार्गदर्शन कोठून मिळणार, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु निर्णायक नाही.

मार्गदर्शन म्हणजे महागडी यंत्रसामग्री नव्हे. स्कॉटलंड व इंग्लंडमधील ६०० स्त्रियांच्या २०२० च्या चाचणीत प्रशिक्षित व्यक्तीने शिकविलेल्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने अधिक लाभ झाला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत ६० वर्षांवरील ३६२ स्त्रियांना प्रथम वैयक्तिक सत्रात योग्य आकुंचन शिकविले गेले. नंतर काहींनी आठ-आठ जणींच्या गटात व काहींनी एकेकटीने १२ आठवडे व्यायाम केला. वर्षानंतर गटातील व्यायाम वैयक्तिक प्रशिक्षणापेक्षा उणा ठरला नाही. एक तपासणी आणि त्यानंतर गट, हा आराखडा बचत गटांची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात विचारार्ह ठरतो.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. 'श्रोणितल आकुंचित करा' ही सूचना शास्त्रशुद्ध असली तरी शरीरापर्यंत पोहोचत नाही. 'वारा अडवताना जो भाग आवळतो तो आत व वर ओढा. पोट, मांड्या सैल ठेवा. श्वास रोखू नका. मग पूर्ण सैल सोडा', ही सूचना पोहोचते. त्यातील अखेरचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांचे स्नायू सैल नसून सतत ताठरलेले व दुखरे असतात, त्यांना सरसकट आवळण्याचा सल्ला अपायकारक ठरू शकतो.

समारोप :

केगेल, मूलबंध व हायपोप्रेसिव्ह यांतील वाद बव्हंशी नावांचा आहे. उपलब्ध पुरावा नेमक्या, तपासून शिकविलेल्या आणि सातत्याने केलेल्या आकुंचनाच्या बाजूने आहे. तपासणीविना दिलेला सल्ला फसला, की दोष व्यायामाला किंवा स्त्रीच्या आळसाला दिला जातो. प्रत्यक्षात तिला कोणी नीट शिकविलेलेच नसते. आरोग्यविषयक मराठी लेखनाने व्यायामाच्या नावासोबत ही तपासणीची अट सांगणे, हे त्याचे किमान उत्तरदायित्व होय.