पन्नाशीतला पॉप पंक

पॉप पंक म्हणजे मोठं व्हायला दिलेला नकार. गाणारेच पन्नाशीला टेकले की या नकाराचं काय करायचं? ब्लिंक-१८२च्या 'वन मोअर टाइम...' (२०२३) या अल्बमपुढे हाच पेच आहे. २००८मध्ये ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर विमान अपघातातून वाचला, २०२१मध्ये मार्क हॉपसला कर्करोग झाला, त्यानंतर टॉम डिलाँग बँडमध्ये परतला. शीर्षकगीत मधल्या अबोल्याबद्दल थेट बोलतं. मित्राची आठवण यायला मरण दाराशी यावं लागतं, ही त्यातली शरम खरी आहे. पण पुढे 'टर्न धिस ऑफ!'सारखं अर्धा मिनिटही न टिकणारं पांचट गाणं येतं. बार्करची निर्मितीही ड्रम्स इतके पुढे आणते की आवाजातला थकवा बुजतो. तो थकवाच तर ऐकायचा होता.