शत्रूचं प्यादं सांभाळा

आप्पा बळवंत चौकात बुद्धिबळाचं पुस्तक मागा, सिसिलियन बचावापासून सगळं पुढ्यात येतं. देशी पद्धतीचे नियम मात्र एखाद्या जुन्या खेळाडूला गाठूनच विचारावे लागतात. विचारावेत, कारण त्या नियमांत लष्कर जास्त आहे.

मोहरे तेच, पट तोच. पण राजासमोर राजा नसतो, समोरच्याचा वजीर असतो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. कॅसलिंग नाही, त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर, राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरं चालता येतात. तटाआड बसण्याऐवजी घोड्यावर टांग टाकून निसटणारा हा राजा मला तरी अधिक पटतो.

बढतीही मागाल ती मिळत नाही. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते त्याचं पद, आणि तेही जागा रिकामी असेल तर. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. राजाच्या घरात पोचलं तरी वजीरच. वजीर जिवंत असताना दुसरा वजीर नाही.

खरी गंमत बुर्जीत आहे. समोरच्याची सगळी फौज कापून राजा एकटा उरला की बुर्जी झाली, म्हणजे जीत हुकली. आता शेवट बघा. माझ्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, तुमच्याकडे राजा आणि एकुलतं एक प्यादं. तुम्ही ते प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडी द्यायला धडपडता आणि मी ते मरू नये म्हणून हत्ती बाजूला घेतो. हरणारा आपलाच शिपाई मारून घ्यायला उतावीळ, जिंकणारा शत्रूच्या शिपायाचा राखणदार! असा उलटा पेच नुसत्या मारकाटीच्या खेळात सुचलाच नसता. त्यात मान सगळ्यात मोठा प्यादेमातीचा. वजिरानं मात कोणीही करील. हत्तीनं पट्टी रोखून शेवटचा शह प्याद्यानं द्यायचा, यात हात दिसतो.

१८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं संस्कृत पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊनच. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती. पट आधीच फिरला होता. देशी पद्धतीवर वाढलेल्या पंजाबच्या सुलतान खानांनी पुढे १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. प्याद्यांच्या संथ चालींवर तयार झालेला हात सुरुवातीत मागे पडायचा, मग शेवटात वसूल करायचा.

खेळून बघायला तुळशीबागेतून आणलेला साधा पटही चालेल. गावागणिक नियम बदलतात, म्हणून पहिली चाल करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: राजाची अडीच घरं कधीपर्यंत, घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याला लगेच उडी आहे का, आणि बुर्जी झाली तर डाव बरोबरीचा की अर्धी जीत. शेवटच्या मुद्द्यावर भांडणं होतातच.