‘कोंडवाडा’ : दार आणि दावण

दया पवार यांच्या ‘कोंडवाडा’ (१९७४) या कवितासंग्रहाच्या शीर्षकाचा अर्थ ‘तुरुंग’ असा लावून पुढे जाणे सोपे आहे. मला तो अर्थ अपुरा वाटतो. तुरुंगात माणूस जातो, कोंडवाड्यात गुरे. भुकेपोटी परक्या शेतात तोंड घातले, एवढाच त्यांचा गुन्हा. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून मालक जनावर सोडवून नेतो. कोणी आलेच नाही तर लिलाव. आमच्या दिंडोरीकडच्या जुन्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. म्हणजे दार उघडले तरी जनावर सुटत नाही, पुन्हा दावणीला जाते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबार यांनी १८९९ मध्ये पिंजऱ्यातला पक्षी प्रतीक म्हणून वापरला. ‘पँथर’ हे नाव आपण तिकडून घेतले, म्हणून प्रतीकेही एकच मानण्याचा मोह होतो. पण पक्ष्याला पिंजऱ्याबाहेर आभाळ असते, गुराला गोठाच.

या वाचनाला आपल्याच जिल्ह्यात आधार आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे रेटूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा दार उघडण्याची मागणी मागे पडली होती. दावेच तोडायचे होते. पवारांचे शीर्षक मी येवल्याच्या बाजूने वाचतो. चार वर्षांनी आलेल्या आत्मकथनाला त्यांनी ‘बलुतं’ हे नाव दिले, तेही दावणीचेच.